ॲलर्जीची तपासणी: हातावरची गांधी नेमकं काय सांगते?

फेब्रुवारी-मार्च आला की दिल्लीत घरोघरी शिंका सुरू होतात. या दिवसांत वावळाचे (इथे त्याला चिलबिल किंवा पापडी म्हणतात) परागकण हवेत असतात, धूळ तर बारा महिने असतेच. लक्ष्मीबाई नगरसारख्या जुन्या, झाडांच्या वसाहतीत मूल महिनाभर नाक चोळत असेल, तर डॉक्टर ॲलर्जी टेस्ट सुचवतात. मग आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, "खूप सुया टोचतात का हो?"

स्किन प्रिक टेस्ट

हाताच्या आतल्या बाजूला किंवा पाठीवर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवतात. त्यात धुळीतले सूक्ष्म किडे, झुरळ, बुरशी, परागकण, दूध, अंडं असं काहीही असू शकतं. प्रत्येक थेंबातून त्वचेवर अगदी हलकं टोचतात. रक्त सहसा येत नाही. मग 15 ते 20 मिनिटं थांबायचं. जिथे ॲलर्जी असू शकते, तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. साध्या सलाइनच्या थेंबापेक्षा ती 3 मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल, तर 'पॉझिटिव्ह' धरतात. एक थेंब हिस्टामिनचा असतो. तिथे गांधी उठायलाच हवी, त्यामुळे घाबरू नका. खाज तास-दोन तासांत उतरते.

क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ही टेस्ट तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणीच करावी.

आधी काय करायचं?

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या साधारण 5 ते 7 दिवस बंद ठेवायला सांगतात, नाहीतर गांधी उठतच नाही. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही हे घटक असतात, म्हणून घेत असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. दम्याचा पंप मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

रक्ताची तपासणी

गोळ्या थांबवणं शक्य नसेल किंवा अंगावर एक्झिमा पसरलेला असेल, तर रक्त तपासतात. एरवीसारखंच दंडाला पट्टा बांधून थोडं रक्त घेतात. फक्त ॲलर्जीसाठी उपाशी राहावं लागत नाही. 'स्पेसिफिक आयजीई' एकेका पदार्थाबद्दल सांगते. 'टोटल आयजीई' आणि इओसिनोफिल मात्र पोटातल्या जंतांमुळेही वाढू शकतात.

गाजर गवतामुळे त्वचेवर चट्टे येत असतील, तर या दोन्हींऐवजी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या 48 तास ठेवतात, तोवर पाठ भिजवायची नाही.

रिपोर्ट हाती आल्यावर

सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे. 'पॉझिटिव्ह' म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढंच. रोज दूध-अंडं खाऊन मुलाला काहीच होत नसेल, तर केवळ कागदावर पॉझिटिव्ह आलं म्हणून ते बंद करू नका. वाढत्या वयात असं एकेक अन्न काढत गेलं, तर नुकसान मुलाचंच. उलट, एखादा पदार्थ खाऊन ओठ सुजले किंवा श्वास अडकला असेल, तर रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तो घरी खाऊ घालून बघू नका.

शंभर पदार्थांच्या 'फूड आयजीजी' पॅकेजवर पैसे घालवू नका; त्यातून ॲलर्जी कळत नाही. त्याऐवजी दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, कुठे होतो, त्रास कधी झाला. डॉक्टरांना रिपोर्टइतकीच ही वहीही उपयोगी पडते.