पडद्यावरची मोटारसायकल

एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, “ताई, कॉलेजात असताना ह्यांना मोटारसायकलच्या शर्यतीच्या एका व्हिडिओ गेमचं भारी वेड होतं. आता तोच खेळ ह्यांनी चिरंजीवांना कॉम्प्युटरवर लावून दिलाय. जेवणं झाली की बापलेक तिथंच. त्यात एकमेकांना लाथा मारायच्या, साखळीनं हाणायचं, पोलिसांना चुकवायचं! मुलगा सोळाचा आहे, आणि आता ह्यांची मोटारसायकल चालवायला मागतोय. मी नको म्हटलं की दोघंही हसतात.”

भगिनी, तुमच्या वर्णनावरून हा खेळ ‘रोड रॅश’ असावा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीनं तो प्रथम १९९१ साली सेगाच्या यंत्रासाठी काढला. १९९६ साली तो विंडोजच्या कॉम्प्युटरवर आला. त्या काळात आपल्याकडे घरोघरी नवे कॉम्प्युटर येत होते, गल्लोगल्ली सायबर कॅफे निघत होते, आणि तिथं तो मुलांच्या हाती पडला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी यजमानांचं तरुणपण त्यात अडकलेलं आहे. तेव्हा त्यांना एकदम नावं ठेवू नका.

उलट एक दिवस तुम्हीच शेजारी खुर्ची घेऊन बसा. रस्ते सगळे कॅलिफोर्नियातले. कधी समुद्राकाठचा पॅसिफिक हायवे, कधी सिएरा नेवाडाचे डोंगर, कधी नापा व्हॅली. समोरून मोटारी येतात, माणसं रस्ता ओलांडतात. शर्यत जिंकली तर पैसे मिळतात, त्यातून जास्त वेगाची गाडी घेता येते. पोलिसानं पकडलं तर दंड, गाडी मोडली तर दुरुस्तीचा भुर्दंड. म्हणजे हिशेब तिथंही चुकत नाही!

आणि एक गोष्ट नीट पाहा. धडक बसली की स्वार हवेत उडतो, लांब जाऊन आपटतो, आणि पुन्हा उठून धावत गाडीकडे येतो. दर वेळी उठतो. मुलाला हसत हसत एवढंच म्हणा, “बाळा, या खेळातली सगळ्यात मोठी थाप हीच बरं का!” लाथा आणि साखळ्या खोट्या आहेत हे सोळा वर्षांच्या मुलाला कळतं. पडल्यावर उठता येतं, हे मात्र त्याला खरं वाटू शकतं.

आता गाडीचं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गिअरच्या मोटारसायकलीसाठी १८ वर्षं पुरी व्हावी लागतात. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीनं परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. २०१९ साली कायदा आणखी कडक झाला. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. “मला माहीत नव्हतं” असं सिद्ध करता आलं तर पालकाची सुटका होते. पण चावी बापानंच हातात दिली असेल, तर तो तसं म्हणणार कसं?

हे सगळं यजमानांना सांगा, पण मुलासमोर नको. मुलादेखत बोललात तर ते त्याची बाजू घेतील आणि पुन्हा दोघं हसतील. मला वाटतं, तुमचं खरं दुखणं तेच आहे. चहाच्या वेळी दोघंच असताना सरळ सांगा, “तुमचा खेळ चालू द्या, पण चावीच्या बाबतीत तुमचं-माझं एकमत हवं.” मग रात्री खेळाला तासभर ठरवून द्या. चावी दाराजवळच्या खुंटीवर न ठेवता कपाटात ठेवा. मुलाचा उत्साह वाया घालवू नका. टायरमधली हवा तपासणं, चेन साफ करणं, गाडी धुणं ही कामं त्याला खुशाल शिकवा.

जाता जाता एक प्रश्न. यजमानांच्या मागे बसताना तुम्ही स्वतः हेल्मेट घालता का? अंबाडा मोडतो, जवळच तर जायचंय, ही कारणं आपण सगळ्याच देतो. कायदा मागे बसणारीलाही हेल्मेट सांगतो. आयएसआय खूण पाहून घ्या, हनुवटीखालचा पट्टा लावा. जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नका. पदर, ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्या. आई बोलते काय यापेक्षा ती करते काय, हे मुलं आधी पाहतात.

दोघांचं काय ठरलं ते जरूर कळवा.