पेटीतली गाडी आणि छपरीतला नंदी



मागच्या महिन्यात गोंदियाला एका लग्नात आमच्या भाच्याने मोबाईलवर फोटो दाखवला. काचेचं कपाट, आत जुन्या इलेक्ट्रिक रेसिंग कारचे सेट, सगळे खोक्यात. "मामा, यातला एकही आजपर्यंत उघडलेला नाही," तो अभिमानाने म्हणाला. मी म्हटलं, "मग आत काय उरलंय ते तुला कसं माहीत?" त्याला ते लागलं. पंगतीत तो माझ्या शेजारी बसला नाही. लग्नघरात असं बोलायला नको होतं, हे मान्य. पण बोललो ते चूक नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. या खेळण्याला स्लॉट कार म्हणतात. प्लास्टिकचा काळा ट्रॅक, त्यात दोन खाचा, एकेका गाडीला एकेक. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या, त्यांत १२ व्होल्टची वीज. गाडीच्या पोटाखाली एक पातं असतं, ते खाचेत बसतं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारांची वेणी असते, ती पट्टीवर घासत जाते. गाडीत छोटी मोटर. हातात एक कंट्रोलर, दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. स्टीअरिंग नाही, ब्रेकचं पेडल नाही. सगळी करामत एवढीच की वळणाआधी बोट कधी सैल करायचं. उशीर झाला की गाडी खाचेतून उडून थेट पलंगाखाली.

आमच्या राजेगावात हा सेट आला १९७३ साली. मामा इंग्लंडला डॉक्टर होते. सुट्टीवर आले तेव्हा सुटकेसमध्ये कपड्यांखाली हे खोकं होतं. त्या काळी परदेशी खेळणी बाजारात मिळतच नव्हती. आयातीवरचे शेवटचे मोठे निर्बंध उठले ते २००१ च्या एप्रिलमध्ये. त्यामुळे आपल्या देशात त्या काळचा असा जो सेट सापडतो तो बहुतेक कुणाच्या तरी मामाच्या नाहीतर काकाच्या सामानातून आलेला असतो.

राजेगाव म्हणजे बाघ नदीच्या काठचं, सरहद्दीवरचं गाव. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत पुलापलीकडचा तेव्हाचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात पोवारी. रेसिंग कार कोणी पाहिलीय इथे? आम्ही पाहायचो ते नाक्यावर उभे असलेले धानाचे ट्रक. दादाने ट्रॅकवर काडेपेटीचा नाका केला होता. प्रत्येक फेरीला गाडीने तिथे थांबून "पावती" दाखवायची. लाल गाडी दादाची, हिरवी माझी. दादा बारा वर्षांचा, मी नऊ.

ट्रॅक आठाच्या आकड्यासारखा लागायचा. याचं कारण मला फार पुढे कळलं. साध्या लांबट गोल ट्रॅकवर आतली खाच जवळची पडते आणि बाहेरची लांब. आठाच्या आकड्यात दोन्ही खाचा एकदा आत, एकदा बाहेर होतात, अंतर सारखं भरतं. दोन भावांचं भांडण होऊ नये अशी सोय त्यातच होती. (झालं ते भांडण तरी झालंच, ते पुढे सांगतो.) संध्याकाळी शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि गाड्या म्हशीसारख्या चालायच्या. खरी रेस रात्री दहानंतर. गावातली पोट्टी छपरीत दाटीवाटीने बसायची. पट्ट्यांवर पावसाळ्यात गंज धरायचा. तो आम्ही खोडरबराने घासून काढायचो, वर रॉकेलचा बोळा फिरवायचो. मोटरीला आईच्या शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. कुणी शिकवलं नव्हतं. चालेना की हात आपोआप शोधतो.

या खेळण्याचा जन्मही असाच खटपटीतला. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज माणसाची 'मिनिमॉडेल्स' कंपनी १९५२ पासून 'स्केलेक्स' नावाच्या चावीच्या पत्र्याच्या गाड्या करायची. चावीची गाडी एकदा सोडली की तिच्यावर आपला ताबा नाही, मुलं लवकर कंटाळतात. फ्रान्सिसने त्याच गाड्यांत विजेची मोटर घातली, खाचेचा रबरी ट्रॅक दिला आणि १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या मेळ्यात 'स्केलेक्स्ट्रिक' मांडलं. वर्षभरातच मागणी झेपेना, म्हणून त्याने कंपनी 'लाइन्स ब्रदर्स'ला विकली. १९६० पासून गाड्या प्लास्टिकच्या झाल्या. साठच्या दशकात अमेरिकेत तर या गाड्यांच्या शर्यतींसाठी मोठमोठे हॉल निघाले आणि काही वर्षांत ओसही पडले. १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सही बुडाली. खेळणं मात्र टिकलं, आजही निघतं. पण नव्या गाड्यांच्या पोटाखाली चुंबक असतं. ते गाडी ट्रॅकला धरून ठेवतं, वळणावर सुटू देत नाही. माझ्या मते त्याने अर्धी मजा गेली. पडायची भीतीच नाही तर बोटाला काम काय?

आता मुद्द्यावर येतो.

१९८१ ला दादा कॉलेजसाठी बालाघाटला गेला. आईने ट्रॅक पुसला, हिरवी गाडी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि सगळं लोखंडी पेटीत ठेवलं. वरून मूठभर डांबरगोळ्या. "आता हात लावू नको, बिघडून जाईन. तुमच्या लेकरायले कामी येईन." पेटी माळ्यावर गेली. लाल गाडी तेवढी दादाने स्वतःजवळ ठेवली होती. पेटीत नाही म्हणून आई त्याला बरंच बोलली.

पुढे नोकरी, बदल्या, लग्न, मुलं. वडील गेल्यावर २०१२ मध्ये वाटणी झाली. घर माझ्याकडे आलं. शेताच्या एका धुऱ्यावरून दादाचं आणि माझं बिनसलं. किती तर हातभर रुंद धुरा. त्यापायी अकरा वर्षं बोलणं बंद. या काळात मला जुन्या सेटचं वेड लागलं, त्याचा अर्थ आता कळतो, तेव्हा कळला नाही. मुलाकडे पुण्याला गेलो की बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर. तिथून दोन सेट आणले. एक 'अजिबात न वापरलेला' म्हणून साडेसहा हजारांना घेतला. घरी मात्र अडीच हजार सांगितले. हे आज इथेच पहिल्यांदा कबूल करतोय, पुढचं पुढे बघू.

त्या न वापरलेल्या सेटचं खोकं घरी उघडलं तेव्हा चाकांच्या टायरांनी खालच्या थर्माकोलच्या साच्यात खड्डे पाडले होते. रबरातलं तेल झिरपून थर्माकोल वितळला होता. टायर दगडासारखे कडक. मोटरीतलं तेल वाळून डिंक झालेलं, आस फिरेना. वरून पाहावं तर गाडी नवीकोरी.

मग मला माळ्यावरची पेटी आठवली. खाली उतरवली, साडीचा तुकडा सोडला. हिरवी गाडी मेणासारखी वाकली होती. छपराचा भाग खाली बसलेला, साडीच्या धाग्यांची नक्षी प्लास्टिकवर उमटलेली. डांबरगोळीची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, पॉलिस्टायरीनला तर खासच, हे मी नंतर वाचलं. आईने जीव लावून जपली आणि त्या जपण्यानेच ती गेली. आई तेव्हा नव्हती, हे एक बरं झालं.

त्या रात्री मी दादाला फोन केला. धुऱ्याबद्दल नाही, लाल गाडी आहे का एवढंच विचारायला.

"काऊन रे, आता आठवण आली?" म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आहे. चालते."

तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. रंग जवळजवळ गेलेला, पुढची काच नाही, चालकाचं डोकं नाही. दोन पिढ्यांच्या पोरांनी ती फरशीवर ढकलून ढकलून पिदडली होती. मागचे टायर म्हणजे सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या. खालची तांब्याची वेणी केव्हाच झिजली होती, तिथे दादाने टीव्हीच्या केबलच्या आतली जाळी कापून बसवली होती. "तांब्याची काय कमी, आपल्याच जिल्ह्यात मलाजखंड आहे," म्हणाला. आम्ही पेटीतला ट्रॅक लावला, खोडरबराने पट्ट्या घासल्या, ट्रान्सफॉर्मर जोडला. गाडी दोनदा अडखळली आणि निघाली.

म्हणून माझं म्हणणं असं की न उघडलेलं खोकं म्हणजे जतन नव्हे. रबर, तेल, प्लास्टिक, तांबं यांना बंद करून ठेवल्याने त्यांचं वय थांबत नाही, फक्त आपल्याला दिसत नाही. चालत्या वस्तूचं दुखणं लगेच कळतं. वेणी झिजली, बदलली. टायर वाळला, बदलला.

यावर माझा मुलगा म्हणतो, "बाबा, भाग बदलले की ती मूळ वस्तू राहत नाही, किंमत अर्धी होते." किंमत कमी होते हे खरं आहे. विकण्यासाठीच घेत असाल तर माझं ऐकू नका. पण मूळ वस्तू राहत नाही, हे आपल्या भागातल्या माणसाने तरी म्हणू नये. आमच्या छपरीत आजोबांच्या काळचा लाकडी नंदी आहे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये नागपुरात लेकरांसाठी तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात. तेव्हापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडची मुलं चाकांचा नंदी ओढत घरोघरी बोजारा मागत फिरतात. आमच्या नंदीची चाकं तीनदा बदलली, एक शिंग नवं आहे, रंग दरवर्षी नवा. तो आजोबांचा नंदी नाही असं कुणी म्हणून दाखवावं. तो टिकला कारण वर्षातून एक दिवस तरी तो पोरांच्या हातात जातो, आणि त्याआधी कुणीतरी त्याच्या चाकांना तेल घालतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. मी दोनदा गेलो. तिथे छोट्या आगगाड्या काचेत झोपलेल्या नाहीत, प्रेक्षकांसमोर सिग्नल घेत धावतात. धावत्या ठेवायच्या म्हणजे रोजची देखभाल आली, झीज आली. तरीही त्यांनी तो रस्ता घेतला. नागपूरला मोतीबागेत छोट्या लाइनची खरी इंजिनं उभी आहेत, तीही पाहून आलो. ती आता धावणं अवघड, त्यांना उभंच राहू द्यावं. पण आपल्या घरातल्या वीतभर गाडीला तशी काय अडचण आहे?

एक गोष्ट मात्र भाच्याकडून मान्य करायला हवी. त्याने प्रत्येक सेटचं खोकं, माहितीची पत्रिका, दुकानाची चिठ्ठी सांभाळली आहे. मी माझ्या मामाच्या सेटचं खोकं लहानपणी पतंगाला लावून संपवलं. कागद जरूर जपावेत. गाडीतून काढलेला जुना भागही फेकू नये, पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवावा. पुढच्याला मूळ काय होतं ते कळतं.

यंदा तान्ह्या पोळ्याला नातवंडं नंदी फिरवून आली आणि आम्ही छपरीत ट्रॅक लावला. दादाकडे लाल गाडी. माझ्या हिरव्या गाडीची चौकट आणि मोटर वाचली होती, वरचं अंग मी आगपेटीच्या पुठ्ठ्याचं करून हिरवं रंगवलं. दिसते टपरीसारखी, पळते बरी. दादाच्या नातीने पाचव्या फेरीत मला हरवलं. सातव्या फेरीला लाइट गेली.

धुऱ्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. तो तसाच आहे.

भाच्या, तू हे वाचत असशील तर एक खोकं तरी उघड. आणि मंडळी, ज्यांच्या माळ्यावरच्या पेटीत प्लास्टिकची जुनी खेळणी असतील त्यांनी त्यातल्या डांबरगोळ्या आज संध्याकाळीच काढा. कडुनिंबाचा पाला ठेवा हवं तर.