सत्ता, अधिसत्ता आणि जाब

सत्ता आणि अधिसत्ता यांमधील भेद समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला अगदी प्रारंभीच शिकविला जातो. इतरांचा विरोध असतानाही स्वतःची इच्छा अमलात आणण्याची शक्यता म्हणजे सत्ता. आणि ज्यांच्यावर हुकूम चालवावयाचा त्यांनाच तो हुकूम योग्य वाटून ते तो पाळू लागले म्हणजे त्या सत्तेला अधिसत्तेचे रूप येते, हे माक्स वेबरचे विवेचन सर्वपरिचित आहे. पारंपरिक, वलयांकित आणि कायदेशीर असे अधिसत्तेचे तीन प्रकार त्याने कल्पिले, ते माणसे आज्ञा का पाळतात या प्रश्नाचे उत्तर शोधताना. परंतु भारतीय समाजाचा विचार करताना या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडल्यावाचून गत्यंतर नाही. आज्ञा देणाऱ्याला जाब कोण विचारू शकतो, आणि कोठे? याचे उत्तर मिळाले नाही तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही सूक्ष्म असले तरी अपुरेच राहते. बंगळूर शहराचा आणि जुन्या म्हैसूर प्रदेशाचा अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे.

म्हैसूरला जन्मलेल्या एम. एन. श्रीनिवास (१९१६–१९९९) यांनी समाजशास्त्राचे धडे घेतले ते मुंबई विद्यापीठात, मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली. पुढे व्ही. के. आर. व्ही. राव यांनी बंगळूरला सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था काढली, तेव्हा १९७२ मध्ये ते तेथे आले आणि अखेरपर्यंत याच शहरात राहिले. १९४८ साली त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून पाहणी केली होती. त्या खेड्याला त्यांनी आपल्या लेखनात ‘रामपुरा’ हे नाव दिले. शहरातील न्यायालय आणि पोलीस ठाणे ही कायद्याने निर्माण केलेली अधिसत्ता त्या खेड्यालाही लागू होतीच. पण भाऊबंदकीचा, कर्जाचा वा बांधाचा तंटा उभा राहिला की गावकऱ्यांची पावले वळत ती ओक्कलिग या शेतकरी जातीतील ज्येष्ठांकडे. आणि त्यांत इतर जातींचे लोकही असत. या जातीच्या हाती जमीन होती, तिची संख्या मोठी होती आणि धार्मिक उतरंडीत तिचे स्थान फार खालचे नव्हते. श्रीनिवासांनी १९५९ च्या निबंधात ‘प्रभुत्वशाली जात’ ही जी संकल्पना सविस्तर मांडली, तिचा आधार हा असा होता.

या संकल्पनेवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. सबंध जात कधीच प्रभुत्वशाली नसते, तिच्यातील मोजकी जमीनदार घराणी असतात, हा त्यांतील सर्वांत वजनदार आक्षेप होय. आंद्रे बेतेय यांनी तंजावर जिल्ह्यातील एका गावाच्या अभ्यासात (१९६५) जात, वर्ग आणि सत्ता ही तिन्ही एकमेकांपासून कशी सुटी होऊ लागली आहेत हे दाखविले. तथापि रामपुऱ्याच्या उदाहरणातून उभा राहणारा खरा प्रश्न या वादात काहीसा झाकला गेला. ज्याच्या शेतावर राबावयाचे, ज्याच्याकडून अडीअडचणीला धान्य उसने आणावयाचे, त्याच्याच ओसरीवर न्याय मागावयास जावयाचे, अशी स्थिती असता निवाडा पटला की पटवून घ्यावा लागला हे ठरवावयाचे कसे? आज्ञापालन तर दोन्ही प्रसंगी सारखेच दिसते.

महाराष्ट्राच्या इतिहासातील वतनसंस्थेने हाच प्रश्न अधिक दाहक स्वरूपात मांडलेला आहे. ‘वतन’ हा शब्द मानाचा, हक्काचा, वंशपरंपरेचा. पाटील, कुलकर्णी यांच्याप्रमाणे महारांनाही वतन होते. पण पाटलाच्या वतनाने हुकूम सोडण्याचा अधिकार मिळे, तर महाराच्या वतनाने तो हुकूम वेळीअवेळी झेलण्याची सक्ती पदरी पडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वंशपरंपरागत अधिकारांविषयीच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते या हक्काच्या भाषेत बांधलेल्या वेठीविरुद्ध. वतन गमावण्यास कित्येक वतनदार स्वतःच नाखूष होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रिटिश विचारवंत स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ मध्ये म्हटले की, गाऱ्हाणे मनात उमटूच न देणे ही सत्तेची सर्वांत प्रभावी रीत होय. महार वतनाचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा सिद्धान्त नवा वाटण्याचे कारण नाही. केवळ संमती दिसते म्हणून सत्ता अधिमान्य झाली असे म्हणता येत नाही. ती संमती नाकारण्याची, निदान तिच्याविषयी प्रश्न उपस्थित करण्याची सोय समाजात आहे की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

खेड्याकडून शहराकडे वळले असताही हीच कसोटी लावावी लागते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७ च्या सुमारास ते मोगलांच्या हाती पडले आणि त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज ओडेयरांनी ते तीन लाख रुपयांना घेतले. शहर ही देण्याघेण्याची वस्तू होती. नगरवासीयांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १८३१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार आपल्याकडे घेतला आणि कमिशनरांच्या हाती तो पन्नास वर्षे राहिला. राजधानी बंगळूरला आली, कारभार पद्धतशीर झाला, कागदपत्रे नीट राहू लागली. वेबरच्या परिभाषेत ही कायदेशीर, नोकरशाही अधिसत्ता. पण तिला जाब विचारणारा म्हैसूर राज्यात कोणी नव्हता.

१८८१ मध्ये राज्य ओडेयरांना परत मिळाले, तेव्हा दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा सुरू केली. दसऱ्याच्या सुमारास म्हैसूरला ही सभा भरे. दिवाण वर्षभराच्या कारभाराचे निवेदन करीत आणि प्रतिनिधी गाऱ्हाणी मांडीत. निर्णय घेण्याचा अधिकार तिला नव्हता आणि प्रतिनिधी होते ते मुख्यतः जमीनदार व व्यापारी. म्हणून तिला दिखाऊ म्हणणे सोपे आहे. परंतु सत्ताधाऱ्याने वर्षातून एकदा लोकांसमोर उभे राहून हिशेब सांगावा, हा पायंडा तिने पाडला. एकदा हिशेब सांगण्याची रीत पडली की हिशेब कोणाकोणाला सांगावयाचा हा वाद अटळ होतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०२ मध्ये निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. म्हैसूरमध्ये १९१७ साली प्रजामित्र मंडळी स्थापन झाली आणि नोकऱ्यांतील ब्राह्मणांच्या प्राबल्याविरुद्ध मागणी उभी राहिली. १९१८ मध्ये महाराजांनी सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दिवाण विश्वेश्वरय्या यांचा या धोरणाला विरोध होता. त्यांनी त्याच सुमारास पद सोडले. विश्वेश्वरय्यांच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वाद निराळ्या गोष्टीचा होता. कार्यक्षमतेने चालणारी सत्ता कोणाला उत्तरदायी असावी, हा तो वाद होता आणि तो अजून मिटलेला नाही.

तो मिटलेला नाही याचा पुरावा आजच्या बंगळूरमध्येच आहे. शहर आणि छावणी यांच्या दोन नगरपालिका एकत्र करून १९४९ मध्ये महापालिका स्थापन झाली. पण पाणीपुरवठा व मलनिःसारण यांसाठी १९६४ मध्ये स्वतंत्र मंडळ निघाले, नियोजन व जमीनवाटप १९७६ मध्ये विकास प्राधिकरणाकडे गेले आणि ही दोन्ही राज्यसरकारच्या अखत्यारीत राहिली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन व पाणीपुरवठा हे विषय बाराव्या परिशिष्टात घातले, तरी व्यवहारात फारसा फरक पडला नाही. महापौरांची मुदत २०२० पर्यंत अवघ्या एका वर्षाची होती. जाब विचारावयाचा तो महापालिकेच्या सभागृहाला आणि निर्णय होणार इतरत्र, अशी ही विभागणी होती. सप्टेंबर २०२० मध्ये तर त्या सभागृहाचीही मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे संविधानाचे २४३-यू हे कलम सांगते. तथापि २ सप्टेंबर २०२५ रोजी जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या, तेव्हाही त्यांतील एकाही ठिकाणी निवडून आलेले सभागृह नव्हते. त्या पाचांवरील बृहत् बंगळूर प्राधिकरणाचे अध्यक्षपद कायद्यानेच मुख्यमंत्र्यांकडे दिलेले आहे. हा दोष एकट्या बंगळूरचा नव्हे. मुंबई महापालिकेचा कारभारही मार्च २०२२ नंतर दीर्घकाळ प्रशासकाकडेच होता.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सभागृहे गोंधळाची आणि भ्रष्टाचाराची केंद्रे होतात, त्यापेक्षा प्रशासक बरा. प्रशासकाच्या कारकिर्दीत एखादा रस्ता वेळेवर पुरा होईलही. परंतु तोच रस्ता प्रथम का, झोपडवस्तीतील गटार नंतर का, असे विचारण्याची जागा त्याच्या दालनात नसते. नगरसेवक नसलेल्या प्रभागातील माणूस आमदाराचे घर, ओळखीचा अधिकारी किंवा ठेकेदार यांच्याकडे जातो. अर्थात तो पुन्हा रामपुऱ्याच्या ओसरीवर जातो. फरक इतकाच की रामपुऱ्यात दोघे एकमेकांना ओळखत तरी असत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवडणुका झाल्या तरी सभागृहात येणार त्या प्रभुत्वशाली जाती आणि पैसेवालेच, मग जाब विचारला जाणार कसा? ‘मतपेढी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द रूढ करणाऱ्या श्रीनिवासांना ही शंका परकी वाटली नसती. परंतु मतपेढीच्या सूत्रधारालाही ठरावीक काळाने मतदाराच्या दाराशी जावे लागते, आणि ज्याच्याकडे जावे लागते त्याला कधी ना कधी आपल्या मताचे मोल कळते. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायती व जिल्हा परिषदा निर्माण करून स्त्रियांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या आणि १९८७ मध्ये निवडणुका घेतल्या. रामकृष्ण हेगडे यांच्या मंत्रिमंडळातील अब्दुल नझीर साब यांचा त्यात मोठा वाटा होता. त्या संस्थांतही प्रभुत्वशाली जातींचाच वरचष्मा राहिला. पण ज्यांना गावच्या बैठकीत कधी बसावयास मिळाले नव्हते त्यांच्या नावाची खुर्ची कायद्याने तेथे मांडली गेली. खुर्ची मिळाली म्हणून आवाज मिळतोच असे नाही. खुर्चीच नसेल तर मात्र आवाजाचा प्रश्नच उद्भवत नाही.

सत्तेचा अभ्यास करणाऱ्याने नीतीचा निवाडा देऊ नये, वस्तुस्थिती वर्णावी, असे एक मत आहे, आणि त्यात तथ्य आहे. परंतु जाब विचारण्याची व्यवस्था ही वस्तुस्थितीचाच भाग आहे. ती सभा आहे की नाही, केव्हा भरते, तीत कोण बसते, तिच्या प्रश्नाला उत्तर देणे कोणावर बंधनकारक आहे, हे सारे जमीनधारणेइतकेच नेमकेपणाने नोंदविता येते. हुकूम कोठून सुटतो आणि तो का पाळला जातो याच्या नोंदी समाजशास्त्राने भरपूर ठेवल्या आहेत. त्यांच्या शेजारीच गाऱ्हाणे कोठवर पोचते याचीही नोंद ठेवली गेली पाहिजे. बंगळूरपुरती ती ठेवू लागल्यास सप्टेंबर २०२० नंतरच्या पाच वर्षांचे पान जवळजवळ कोरे दिसेल.