मांजराच्या हनुवटीवरील काळे ठिपके

वार्षिकाच्या ह्या पानांवर विद्यार्थी बहुधा गडकिल्ले, सहली, परीक्षा व थोर पुरुष ह्यांविषयीं लिहितात, आणि तें योग्यच आहे. आम्हांस मात्र ह्या खेपेस एका अगदीं क्षुल्लक वाटणाऱ्या जागेविषयीं लिहावयाचें आहे. ती जागा म्हणजे घरच्या मांजराची हनुवटी. विषय ऐकून कोणी हंसेल तर हंसो. परंतु ह्या बोटभर जागेवरील चार काळ्या ठिपक्यांपायीं आपल्या कर्जत-खालापूरकडील घरांत मांजरांवर भलभलते उपचार होतात, आणि कधीं कधीं तीं घरांतून कायमचीं घालवून दिलीं जातात. म्हणून आमचें मत स्पष्टपणें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम हा विकार काय आहे तें पाहूं. मांजराच्या हनुवटीच्या कातड्यांत तैलग्रंथी दाट असतात. मांजर दाराच्या चौकटीस, खाटेच्या पायास अथवा आपल्या पोटरीस हनुवटी घासतें तें केवळ लाडानें नव्हे. आपला वास तेथें ठेवून ही जागा आपली असल्याचें तें इतर मांजरांस कळवीत असतें. ह्या ग्रंथींतून पाझरणारें तेल व कातड्याचे मृत कण केसांच्या मुळाशीं सांचले म्हणजे तेथें बूच बसतें आणि त्याचें टोंक काळें दिसूं लागतें. वरच्या वर्गांतील मुलामुलींस हें फोड करून सांगण्याची गरज नाहीं. त्यांनीं तें आरशांत पाहिलेलेंच असतें. मात्र माणसांतील तारुण्यपीटिका वयांत येतांना उद्भवतात, तसें मांजरांत नाहीं. बोका असो वा भाटी, पिलूं असो वा म्हातारें मांजर, कोणासहि हा विकार होतो. हनुवटीवर मिऱ्याची भरड सांडल्यासारखें दिसतें, आणि घरांतील माणसें तिला चुलीची काजळी समजून पुसूं पाहतात. पुसून ती जात नाहीं.

ह्याचें एकच एक कारण शास्त्रास अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. कांहीं मांजरांत तेलच अधिक सुटतें. कांहींना एखादा पदार्थ सोसत नाहीं. कांहीं आपलें तोंड नीट पुशीत नाहींत. शिवाय मांजराची जीभ सर्वांगावर फिरत असली तरी स्वतःच्या हनुवटीपर्यंत ती नीट पोहोंचत नाहीं; तेथें पंजा ओला करून पुसण्यावरच त्यास भागवावें लागतें. जेवणाच्या भांड्यावर मात्र पशुवैद्यांचा संशय बराच आहे. प्लॅस्टिकच्या भांड्यास बारीक ओरखडे पडतात, त्यांत अन्नाचा चिकटा व जंतु घर करून राहतात, आणि मांजर रोज त्यांतच हनुवटी टेकवून खातें. आपल्याकडे मांजराचें ताट म्हणजे काय असतें? श्रीखंडाचा रिकामा डबा, किंवा आईस्क्रीमच्या डब्याचें झांकण! पहिल्या पावसांत वलगणीचे मासे घरीं आले म्हणजे त्यांचीं डोकीं त्याच डब्यांत, दूधभात त्याच डब्यांत, आणि धुणें आठवड्यांतून एकदां, तेंहि आठवण झाली तर. कानतुटकी चिनी मातीची बशी, स्टीलची वाटी किंवा कांच ह्यांपैकीं एखादी वस्तु प्रत्येक घरांत फडताळाच्या मागें पडलेली असते. ती मांजरास द्यावी व माणसांच्या भांड्यांप्रमाणें रोज गरम पाण्यानें धुवावी. नुसत्या भांड्याच्या बदलानें प्रत्येक मांजर बरें होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या उपायास एक पैसाहि पडत नाहीं तो आधीं करून पाहण्यांत शहाणपण आहे.

आतां घरांतून घालवून देण्याच्या गोष्टीकडे वळूं, कारण आमचा खरा रोख तिकडेच आहे. घाटाच्या पायथ्याशीं पाऊस कसा पडतो हें कर्जत, नेरळ व खोपोली येथील मुलांस सांगावयास नको. कपडे चार-चार दिवस वाळत नाहींत. दमट कपडे अंगावर चढतात, आणि मांडीवर, काखेंत, कंबरेस नायटा उठतो. मग घरांत गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. मांजराच्या हनुवटीवर काळे डाग दिसतांच निकाल लागतो, आणि एका संध्याकाळीं तें बिचारें पोत्यांत जाऊन उल्हासेच्या किंवा पाताळगंगेच्या पलीकडील कांठावर सोडलें जातें.

हा निकाल बहुतेक वेळां चुकीचा असतो असें आमचें स्पष्ट मत आहे. हनुवटीवरील साधे काळे ठिपके संसर्गजन्य नाहींत. ते माणसास लागत नाहींत व दुसऱ्या मांजरासहि लागत नाहींत. मांजरास नायटा होतो व तो मुलांना लागूं शकतो हें खरें; पण त्याचीं चिन्हें निराळीं. केस तुटतात, वाटोळें टक्कल पडतें, कोंडा धरतो, आणि हें कानांवर, तोंडावर, पायांवर कोठेंहि दिसतें. त्याची बुरशी बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस ह्या जातीची असते. उलट गेल्या कांहीं वर्षांत भारतभर जो हट्टी नायटा पसरला, त्याची बुरशी ट्रायकोफायटन वंशांतील आहे. तिला २०२० सालीं ट्रायकोफायटन इंडोटिनी असें नांव मिळालें. त्या नांवांतच 'भारतीय नायटा' असा अर्थ आहे. ती मुख्यतः माणसापासून माणसास लागते: एकाच पंचानें सर्वांनीं अंग पुसल्यानें, एकमेकांचे कपडे घातल्यानें. म्हणजे गुन्हेगार दोरीवर लोंबत असतो आणि शिक्षा मांजरास होते!

शिवाय हें कायद्यानेंहि वर्ज्य आहे. उपासमारीनें अथवा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी आपल्या घरच्या भातास ह्या जनावराचे उपकार थोडे नाहींत. ज्या गांवाचें नांव कर्जत-३, कर्जत-१८४ अशा भाताच्या जातींस मिळालें, तेथील कणग्यांची राखण उंदरांपासून कोणीं केली? (जातां जातां एक गंमत: बायबलांत पाळीव मांजर शोधूं गेल्यास तें यिर्मयाच्या पत्राखेरीज सांपडत नाहीं, व तें पत्र प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलांत नसतें. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस ह्याचें फार वाईट वाटलें.)

घालवून देण्याहून घातक गोष्ट म्हणजे घरच्या फडताळांतील औषध. हनुवटीस लाविलेलें औषध मांजर पंजानें पुसतें व पंजा चाटतें. म्हणून जें लावाल तें त्याच्या पोटांत जाणार असें धरून चालावें. मांजराचें यकृत माणसाच्या यकृताप्रमाणें सर्व द्रव्यें निकामी करूं शकत नाहीं. फिनेल, कार्बोलिक साबण, पाण्यांत घालतांच पांढरें होणारें जंतुनाशक, टी ट्री तेल हीं सर्व त्यास विषासमान आहेत. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणारे दयाळू लोक असतात; एकच गोळी मांजराचा जीव घेऊं शकते. मोठ्या बहिणीची मुरुमांची मलमें, त्यांतील सॅलिसिलिक आम्ल किंवा तीव्र बेन्झॉइल पेरॉक्साइड, मांजरासाठीं नव्हेत. नायट्याकरितां दुकानांत मिळणारीं स्टेरॉइडमिश्रित मलमें तर माणसांतहि नायटा चिघळवितात. खोबरेलानें बुचें निघत नाहींत, उलट तेलांत तेलाची भर पडते. आणि नखानें पिळणें सर्वथा वर्ज्य! पिळलेली पुटकुळी आंतल्या आंत फुटते व तेथें जंतु शिरतात.

मग करावें काय? ठिपके थोडे असून मांजर खातपीत असेल, खाजवीत नसेल, तर कोमट पाण्यांत भिजविलेला स्वच्छ कापूस हनुवटीवर दोन-तीन मिनिटें हलकेच धरावा, दिवसांतून एक-दोनदां, घांसूं नये. ठिपके पिसवांची विष्ठा तर नव्हेत ना, हें ओळखण्याची युक्ति मुलांस आवडेल. काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावे. भोंवतीं तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, कारण तींत रक्त असतें. हनुवटी सुजली, पू आला, रक्त आलें, केस गळाले, किंवा मांजर खातांना कुरकुरूं लागलें तर मात्र घरीं प्रयोग न करितां डॉक्टरांस दाखवावें. सूज दांताच्या गळवाचीहि असूं शकते, आणि नायटा आहे कीं नाहीं हें केस तपासूनच कळतें. जंतुनाशक कोणतें व किती पातळ, हें त्यांनींच ठरवावें.

येथें पालकांस एक अडचण वाटते: सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाईम्हशींचा, तेथें मांजर नेल्यास लोक हंसतील. आमचें म्हणणें असें कीं, हंसूं द्यावें. पशुवैद्य सर्वच प्राण्यांची विद्या शिकलेला असतो. मांजरें तेथें कोणी नेतच नाहीं, तर मांजरांची औषधें तेथें येणार कशीं? दुखणें अवघड असेल तर कर्जत किंवा खोपोलीहून लोकलनें मुंबई गांठतां येते, व तेथें परळास १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. माथेरानच्या उतारावरील वाड्यांतून मांजर खालीं आणावयाचें तर झांकणाची वेताची टोपली, आंत जुनी चादर व वरून सैल दोरी पुरते. आधीं भ्रमणध्वनीवर हनुवटीचें स्वच्छ उजेडांतील छायाचित्र काढून ठेवावें. दवाखान्यांत गेल्यावर भेदरलेलें मांजर हनुवटी सहजासहजीं दाखवीत नाहीं.

नवी बशी ठेवल्यावर पहिले एक-दोन दिवस मांजर तिच्याकडे पाठ फिरवून जुन्या डब्याच्या जागीं जाऊन बसेल. डबा परत देऊं नये. बशींत थोडी सुकट चुरून घालावी व तेथून दूर व्हावें. ठिपके कमी होण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि कांहीं मांजरांत ते वरचेवर परत येतात. तेवढ्या अवधींत घरांतील प्रत्येकाचा पंचा वेगळा टांगला जावा, इतकें पालकांनीं पाहावें.