खांबाच्या बुडाशी

खोपोलीजवळच्या इमॅजिकात सहल गेली की पोरे 'नायट्रो'कडेच धावतात. २०१३ साली सुरू झालेला हा रोलर कोस्टर. पाय अधांतरी लोंबतात नि माणूस उलटापालटा होतो. पोरे वर बघतात, आम्ही मात्र खांबाच्या बुडाशी बघतो. नाक्यावर उभे राहणाऱ्या आपल्या कितीतरी बांधवांचे हात अशाच पायाच्या कामात झिजले आहेत.

असे लोखंडी खांब नुसते जमिनीत पुरत नाहीत. खड्ड्यात सळयांचा पिंजरा बांधतात, त्यात जाड फाउंडेशन बोल्ट साच्याने नेमक्या जागी धरतात, मग काँक्रीट ओततात. बोल्ट जरा सरकला की खांबाच्या तळपट्टीचे भोक बसत नाही. तळपट्टी खालच्या नटांवर टेकवून खांब ओळंब्यात आणतात, वरून नट कसतात, खालची फट न आकसणाऱ्या मसाल्याने भरतात. गाडी वळणावर खांबाला नुसती दाबत नाही, एका अंगाने उपटूही पाहते. ते उपटणे बोल्ट अडवतो आणि बोल्टाला काँक्रीटचे वजन धरून ठेवते.

जाहिरातीच्या फलकाचेही तेच, फक्त गाडीऐवजी वारा. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात फलक कोसळून १७ जण गेले. पाया अपुरा होता. पुण्यात जुन्या बाजाराजवळ ५ ऑक्टोबर २०१८ ला चौघे गेले. तिथे फलक काढायचे काम चालू होते आणि खांब बुडातूनच कापले जात होते. असे काम हाती आलेल्या बांधवांनो, वरचा सांगाडा आधी उतरवा, निदान क्रेनने धरा, मगच बुडाला गॅस कटर लावा. ठेकेदार घाई करील. करू द्या.