वजन नाही तर प्रयोग कसला?



पेरणी झाली की ग्रुपवर फोटोंचा पाऊस. नारळ फोडला, "नवीन प्रयोग सुरू". दिवाळीत विचारा, काय निघालं? "बरं आहे." बरं म्हणजे किती किलो? काटाच लावला नसेल तर तो प्रयोग नव्हे, हौस आहे. राग येऊ द्या. आधी माझंच सांगतो.

गेल्या खरिपात मला एकच गोष्ट शिकायची होती. सोयाबीनला एकरी 30 किलो बी टाकतो, 22 किलोत भागतं का? गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण पाहिली, 82 निघाले. मग सहा पट्टे आखले. एका आड एक, तीन 30 चे, तीन 22 चे. आलटून पालटून का, तर वावराचं एक टोक हलकं आहे. 22 चं सगळं तिकडं पडलं असतं तर रानाचा दोष बियाण्याला लागला असता. वहीत रोपांची मोजणी, फुलोरा, फवारणी, सगळं मांडलं. काढणीही वेगवेगळी, सहा गंज्या. आणि मळणीयंत्र आलं रात्री नऊला. आभाळ भरलेलं, मजूर घाईत. सहा गंज्यांची एक रास! शंभर दिवसांची वही अर्ध्या तासात रद्दी.

यंत्रवाल्याला काय बोलायचं? पेरणीचा आराखडा मी केला होता, मळणीचा केलाच नव्हता.

यावर काही साहेब म्हणतात, प्रयोग करणं शेतकऱ्याचं कामच नाही. अहो, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरी शिकलेले. पटेल 3 धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षं. त्यातून एचएमटी धान आलं. त्या लोंब्या एकदा जरी मोठ्या राशीत गेल्या असत्या तर? आणि साहेब, तुम्ही पेरणीच्या फोटोला येता. एकदा मळणीला काटा घेऊन या.

यंदा पेरणीच्या आधीच पोत्यांवर रंगानं 1 ते 6 आकडे टाकलेत. बायको हसली, म्हणे पीक उगवायच्या आधी पोती! यंत्रवाल्याला आगाऊ पैसे देऊन ठेवलेत, माझं दिवसाच काढायचं. 22 किलोवाले पट्टे हरले तरी सहाही वजनं इथंच टाकीन.