आधी छप्पर, मग कूलर

एप्रिल लागला की भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावांत दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. भोर हा पावसाचा तालुका, पण मे महिन्यातली दुपार इथेही अंग भाजून काढते. मग हप्त्यावर कूलर येतो, ऐपत असेल तर एसी येतो आणि विजेचे बिल पाहून डोळे पांढरे होतात. हा खर्च कमी करायचा, तर आधी छपराकडे पाहायला हवे.

जुन्या कौलारू घरांत माळा असे. कौले तापली तरी माळ्यावरची हवा उष्णता अडवून धरी. पत्र्याला अशी आड नसते. तो तापला की खाली बसलेल्यांना थेट झळ लागते. सिमेंटचा स्लॅब उशिरा तापतो, पण दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतो. म्हणून बाहेर गार वारा सुटला तरी घरात झोप लागत नाही.

छपराला पांढरा लेप दिला की उन्हाचा मोठा भाग परत फेकला जातो आणि खोलीचे तापमान २ ते ५ अंशांनी उतरू शकते. चुना इथल्या पावसात धुऊन जातो, त्यामुळे तो दर उन्हाळ्याच्या तोंडावर द्यावा लागतो. तरी कूलरपेक्षा स्वस्तच पडतो. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे छत केले, तर ते माळ्याचे काम करते. पत्र्यावर भाताचा पेंढा पसरणे मात्र टाळावे. एक ठिणगीही महागात पडेल.

यंत्रांचा विचार त्यानंतर. घरगुती विजेच्या दरात १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे ओलांडले की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १० तास चालला, तर महिन्याला २२ युनिटांहून अधिक वीज खातो. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात ९ युनिटे. कूलर कोरड्या हवेत आणि खिडकी उघडी ठेवूनच नीट चालतो. जूनच्या दमट हवेत तो फक्त ओल वाढवतो. एसी असलाच, तर तो २४ अंशांखाली नेऊ नये. एक अंश वर ठेवला तरी सुमारे ६ टक्के वीज वाचते.

मात्र ही बचत म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळांच्या जिवावर होता कामा नये. बिलाच्या धास्तीने पंखा बंद करून बसणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत. वयानुसार तहान आणि घाम दोन्ही कमी होतात, त्यामुळे त्यांना उष्माघात लवकर गाठतो. पारा ४० अंशांच्या वर गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसत राहावे. अंग तापून माणूस बरळू लागला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे आणि लगेच १०८ ला फोन करावा.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण आणले. आपल्याकडे ग्रामपंचायतींना एवढे थांबण्याची गरज नाही. अंगणवाडी, शाळा आणि घरकुलांची छपरे मार्चअखेर पांढरी करणे हे गावाच्या आवाक्यातले काम आहे. पावसाआधी छप्पर शाकारण्याची रीत गावाला नवी नाही. आता उन्हाळ्याआधीही छपराकडे तसेच लक्ष द्यायला हवे.